महागाई पाव टक्का, वाढ आठ टक्के, मग गल्ला थंड का?

म्हापशाच्या एका कापड दुकानदारांनी विचारलं आहे: "ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्य. जुलै ते सप्टेंबरात देशाची अर्थव्यवस्था ८.२ टक्क्यांनी वाढली. गोव्याचं दरडोई उत्पन्न तर देशात वरच्या एकदोन नंबरांत. माझ्या दुकानात यातलं काहीच दिसत नाही. आकडे खोटे आहेत का? नसतील तर माझ्यासारख्याने कुठला आकडा बघायचा?"

उत्तर लांबणार आहे. एका प्रश्नात तुम्ही तीन वेगळे आकडे बांधले आहेत, आणि ते एकमेकांशी जेवढे जोडलेले वाटतात तेवढे नाहीत. मी तेहतीस वर्षं सांख्यिकीच्या कामात काढली. त्यातली पहिली काही वर्षं बाजारात फिरून भाव टिपण्यात गेली, म्हणून सुरुवात महागाईपासून करतो.

भाव टिपणं ऐकायला सोपं वाटतं. ठरलेलं दुकान, ठरलेली वस्तू, ठरलेला दर्जा, ठरलेलं वजन. दर महिन्याला जायचं, विचारायचं, लिहायचं. पण आपल्या बाजारात बारीक मासळी किलोवर कुठे विकतात? वाट्यावर विकतात. शंभराचा वाटा मे महिन्यातही शंभराचा आणि जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते तेव्हाही शंभराचाच. फक्त आठ बांगड्यांचे पाच होतात. नोकरीत नवा होतो तेव्हा दोन महिने मी वाट्याचीच किंमत लिहून आणली आणि माझ्या तक्त्यात बांगड्याचा भाव जागचा हलला नाही. वरिष्ठांनी काही न बोलता एक ताणकाटा हातात दिला. मग मी वाटा विकत घेऊन तोलू लागलो. घरी महिन्यातून एकदा फुकटची मासळी येते असा शेजाऱ्यांचा बरेच दिवस समज होता. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, उंड्याचंही तसंच. दर वाढवला की गाव ओरडतं, म्हणून उंडा बारीक होतो. ती भाववाढच असते, पण तोलल्याशिवाय कागदावर येत नाही.

असे भाव देशभरातल्या १,१८१ खेड्यांतून आणि ३१० शहरांतल्या बाजारांतून गोळा होत आणि त्यांचा २०१२ हा पाया धरलेला (म्हणजे त्या वर्षाचे भाव १०० मानून पुढची तुलना करणारा) ग्राहक किंमत निर्देशांक बनत असे. प्रत्येक वस्तूला भारांक असतो, म्हणजे सरासरी कुटुंबाच्या शंभर रुपयांच्या खर्चात तिचा वाटा किती. त्या मालिकेत खाण्यापिण्याला सुमारे ४६ टक्के भार होता, त्यात मासळी आणि मटण मिळून ३.६ टक्के. आता आपल्या घरात मासळीवर जाणारे पैसे आठवा. देशाच्या सरासरी कुटुंबात बिहारचं कुटुंब आहे, राजस्थानचं शाकाहारी कुटुंब आहे आणि कोपऱ्यात कुठेतरी तुमच्या बार्देश तालुक्यातलंही आहे. इसवण (सुरमई) कडाडली तर तुमचं घर हादरतं, राष्ट्रीय निर्देशांकाला गुदगुल्याही होत नाहीत. शिवाय हे भारांक २०११-१२ च्या खर्च-पाहणीवर बेतलेले. त्या टोपलीत डीव्हीडी प्लेयर आणि कॅसेट शेवटपर्यंत बसून होते. नवी मालिका फेब्रुवारी २०२६ मध्ये आली, २०२४ हा पाया धरून. ती यायला उशीर झाला, हे आमच्या धंद्यातला कोणीही खासगीत कबूल करील.

पण ०.२५ टक्क्याचं रहस्य भारांकात नाही, तुलनेत आहे. महागाईचा दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ६.२१ टक्के होता आणि खाद्यपदार्थांचा १०.८७ टक्के, भाज्यांनी तेव्हा आग लावली होती. आता हिशेब करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना येणारी टोपली वर्षभरात १०६ रुपये २१ पैशांवर गेली आणि पुढच्या वर्षी त्यात फक्त पाव टक्का भर पडून १०६ रुपये ४८ पैसे झाली. खाद्यपदार्थांचं बघा: १०० चे आधी ११०.८७ झाले, मग ५.०२ टक्क्यांनी उतरून १०५.३० वर आले. म्हणजे उतरूनही दोन वर्षांपूर्वीपेक्षा सव्वापाच रुपये जास्तच. गृहिणी म्हणते स्वस्त काहीच झालं नाही. तिच्या डोक्यात दोन-तीन वर्षांपूर्वीची किंमत बसलेली असते, आणि त्या किमतीशी ताडलं तर तिचं बरोबरच आहे. बातमीवालाही बरोबर, कारण तो बारा महिन्यांपूर्वीच्या भावाबद्दल बोलतोय. म्हणून मी दर बघण्यापेक्षा निर्देशांकाची पातळी बघतो आणि दोन वर्षं मागे जाऊन भागाकार करतो. दोन मिनिटांचं काम आहे.

आता ८.२ टक्के. ही जीडीपीची वाढ, आणि तीही स्थिर किमतींत. जीडीपी म्हणजे देशात झालेल्या मूल्यवर्धनाची बेरीज. मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवाल्याने १०० रुपयांची मासळी विकली आणि डिझेल-बर्फाला ४० गेले, तर त्याने ६० ची भर घातली. हॉटेलवाल्याने ती १०० ला घेतली, आणखी ५० चा माल आणि गॅस घातला आणि ३५० च्या थाळ्या विकल्या. त्याची भर २०० ची. १०० आणि ३५० नुसते मिळवले तर मासळी दोनदा मोजली जाते, म्हणून फक्त भर मोजायची. ही भर प्रथम चालू किमतींत, म्हणजे प्रत्यक्ष रुपयांत काढतात. मग त्यातली भाववाढ काढून टाकली की स्थिर किमतींतला आकडा मिळतो.

जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत चालू किमतींतली वाढ ८.७ टक्के होती आणि स्थिर किमतींतली ८.२. दोन्हींत फक्त अर्ध्या टक्क्याचं अंतर. बातमीत ८.२ गाजतो, पण बाब, तुमचा गल्ला चालू किमतींत असतो! दुकानाचं भाडं, पोराचा पगार, बँकेचा हप्ता, सगळं रुपयांत द्यायचं असतं. अर्थव्यवस्था सहा टक्क्यांनी वाढली आणि भाव पाच टक्क्यांनी चढले, तर एकूण उलाढाल अकराच्या आसपास फुगते आणि दुकानदाराला धंदा जोरात वाटतो. या तिमाहीत वाढ आठाची, पण भाव जवळजवळ थांबलेले, म्हणून रुपयांतली उलाढाल तेवढी फुगली नाही. महागाई कमी असणं गिऱ्हाइकाला बरं, कर्जदार व्यापाऱ्याला तितकंसं बरं नाही. तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर माझ्या मते इथेच आहे.

भाववाढ वजा करायची कुठल्या मापाने, हाही प्रश्न आहेच. २०२३-२४ मध्ये ग्राहक किमतींची सरासरी वाढ ५.४ टक्के होती आणि घाऊक किंमत निर्देशांक उलट ०.७ टक्क्याने उतरला होता. त्या वर्षाच्या मे २०२४ मधल्या अंदाजात चालू किमतींतली वाढ ९.६ आणि स्थिर किमतींतली ८.२ टक्के आली. म्हणजे हिशेबाने भाववाढ धरली गेली फक्त सव्वा-दीड टक्का. कारण उत्पादनाच्या बऱ्याच भागाला तेव्हा घाऊक भावाचंच माप लावलं जात असे. त्यात एक गोम आहे. तयार माल आणि कच्चा माल या दोन्ही बाजूंना एकाच भावाने भागलं, तर कच्चा माल स्वस्त झाल्यामुळे वाढलेला नफा उत्पादनच वाढल्यासारखा दिसू शकतो. दोन बाजूंना दोन वेगळी मापं लावायची पद्धत माहीत असूनही आपल्याकडे जुन्या मालिकेत ती फार थोड्या ठिकाणी वापरली जात होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या राष्ट्रीय लेख्यांना 'सी', म्हणजे चारांतली तिसरी, श्रेणी दिली. कारणांत हे होतं, आणि पायाभूत वर्ष २०११-१२ एवढं जुनं असणंही होतं. २०२२-२३ हा पाया धरलेली नवी मालिका फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीला आली. जुन्या मालिकेतला ८.२ हा आकडा मी एखाद्या टक्क्याची ढील ठेवूनच वाचतो. खोटा म्हणत नाही. आकडा खोटा करायला बसलेला माणूस मला माझ्या नोकरीत भेटला नाही. अपुऱ्या माहितीवर मुदतीत अंदाज द्यायला बसलेली माणसं मात्र शेकड्यांनी भेटली.

त्यांचं काम कसं चालतं ते सांगतो. वर्षाचा पहिला आगाऊ अंदाज जानेवारीच्या सुरुवातीला येतो, कारण १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाला तो लागतो. तेव्हा हातात सात-आठ महिन्यांचीच माहिती असते. कंपन्यांचे वार्षिक हिशेब, राज्यांचे आकडे, उद्योगांची वार्षिक पाहणी हे सगळं नंतर येतं, तसा आकडा बदलतो. कोविडचं वर्ष २०२०-२१ आधी उणे ७.३ टक्के होतं, मग उणे ६.६ झालं, शेवटी उणे ५.८ वर थांबलं. २०२३-२४ चे ८.२ टक्के पुढे ९.२ झाले. वर्तमानपत्रांत पहिला आकडा पहिल्या पानावर येतो आणि सुधारलेला आतल्या पानावर कोपऱ्यात. सगळ्यात अंधूक कोपरा असंघटित धंद्यांचा: टपरी, गाडा, शिवणकाम करणारी बाई, तुमच्यासारखं घरच्यांवर चालणारं दुकान. त्यांची माहिती २०२५ पर्यंत दर तिमाहीला कोणी विचारत नव्हतं. अधूनमधून पाहणी होई, आणि मधल्या काळात जवळच्या दुसऱ्या आकड्याच्या चालीवरून त्यांची चाल धरली जाई. मोठ्यांचं बरं चालू असेल तर धाकट्यांचंही बरं चालू असेल, असं गृहीतक त्यात दडलेलं असे. नोटाबंदीनंतर आणि कोविडनंतर तेच सगळ्यात डळमळीत वाटलं.

टक्केवारीचा आणखी एक चकवा कोविडने शिकवला. एप्रिल-जून २०२० मध्ये जीडीपी २४.४ टक्क्यांनी पडला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढीचे ढोल वाजले. १०० वरून पडून ७५.६ झाले आणि त्यावर २०.१ टक्के चढले तर ९०.८ होतात. विक्रमी वाढ नोंदवूनही देश दोन वर्षांपूर्वीच्या पातळीच्या नऊ टक्के खालीच होता.

आता गोव्याचं दरडोई उत्पन्न. या आकड्यावर माझं प्रेमही आहे आणि रागही. २०११-१२ मध्ये देशाचं दरडोई उत्पन्न ६३ हजारांच्या आसपास होतं आणि गोव्याचं सुमारे २ लाख ५९ हजार, चौपट. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१३-१४ पर्यंत गोव्याचा आकडा २ लाख १६ हजारांवर घसरला. इथवर आकडा बरोबर बोलत होता. पण २०१४-१५ मध्ये तो २ लाख ८९ हजारांवर गेला, आधीच्या शिखराच्याही वर. खाणी तेव्हा बंदच होत्या. खनिज पुन्हा हललं ते २०१५ मध्ये, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबलं. इतर क्षेत्रांनी बेरीज भरून काढली होती एवढंच. २०१४-१५ मध्ये मी कामासाठी साखळी, डिचोली, कुडचडे, सावर्डे या खाणपट्ट्यात फिरलो. दारात उभे ट्रक, गवतात बुडालेली चाकं, बंद गॅरेज, ओस पडलेला चहाचा गाडा. पणजीत परत येऊन तक्त्यात बघितलं तर राज्य मजेत होतं. सरासरीला कारखान्यांचं वेर्णा आणि खाणींवर जगणारं सावर्डे यांतला फरक कळत नाही.

आणि वेर्ण्याचं तरी सगळं गोव्याचं कुठे असतं? राज्याचं उत्पन्न मोजताना ते जिथे निर्माण झालं तिथे धरतात, ते कोणाच्या खिशात गेलं ते बघत नाहीत. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात शंभर रुपयांची भर पडली, तर त्यात कामगाराचा पगारही आला आणि मुंबईच्या किंवा आणखी कुठल्या भागधारकाचा नफाही आला. सगळे शंभर गोव्याच्या खात्यात मांडले जातात आणि भागले जातात जेमतेम पंधरा-सोळा लाख माणसांत. २०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ५८ हजार होतो. पुढची जनगणना २०२७ ची, तोवर भागायची लोकसंख्याही अंदाजाचीच.

उलट बाजू बघा. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत घरटी कोणीतरी तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) सापडेल. त्याची कमाई परदेशी बोटीवर होते, म्हणून ती गोव्याच्या उत्पन्नात येत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेल्या पोराने पाठवलेले पौंडही नाहीत. त्या पैशातून आईने घर बांधलं की गवंड्याची मजुरी आणि चिऱ्याच्या खाणीची भर तेवढी मोजली जाते. म्हणजे गोव्याच्या दरडोई उत्पन्नात गोंयकाराला न मिळणारे बरेच पैसे आहेत आणि मिळणारे बरेच नाहीत. देशपातळीवर हा फरक निदान वेगळा मांडला जातो: जीडीपी देशाच्या हद्दीतल्या उत्पादनाचा, आणि परदेशाशी होणारी कमाईची देवघेव धरली की राष्ट्रीय उत्पन्न. भारताचं राष्ट्रीय उत्पन्न जीडीपीपेक्षा थोडं कमीच भरतं. परदेशस्थ भारतीय घरी पाठवतात ते पैसे, २०२४ मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर, या दोन्हींत नाहीत. राज्यपातळीवर अशी मांडणी होत नाही. आणि जिथे पगार बाहेरून येतो आणि नफा बाहेर जातो अशा आपल्यासारख्या राज्याला तीच सगळ्यात जास्त हवी होती.

(जाता जाता: स्वतंत्र भारताची राष्ट्रीय उत्पन्न समिती १९४९ ची. अध्यक्ष महालनोबीस, सदस्यांत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. तिने देशाचं उत्पन्न मोजलं तेव्हा गोवा त्यात नव्हताच; आपण १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या वहीत होतो.)

बेरोजगारीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गिऱ्हाईक तिथूनच येतं म्हणून थोडक्यात सांगतो. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत देशाचा दर ३.२ टक्के आणि गोव्याचा ८.५. श्रीमंत गोव्यात बेकारी जास्त, हे वाचून लोक चक्रावतात. गरिबाला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो आणि 'कामावर' मोजला जातो. बापाची पेन्शन किंवा भावाचा बोटीवरचा पगार घरात असला, की पदवीधर मुलगा सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट बघू शकतो, आणि तो बेकारांत मोजला जातो. तुमची पत्नी रोज दोन तास गल्ल्यावर बसत असेल तर तीही बिनपगारी कामकरी म्हणून रोजगारात आहे. आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एक तास काम केलं तरी पुरतं. शिवाय गोव्यासारख्या छोट्या राज्यात पाहणीची घरं कमी, त्यामुळे एका वर्षातली एखाद्या टक्क्याची उडी मी मनावर घेत नाही.

औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक तुम्ही सोडून दिलात तरी चालेल. खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांकही; ५० च्या वर म्हणजे गेल्या महिन्यापेक्षा बरं म्हणणारे जास्त, एवढाच त्याचा अर्थ. जीएसटीची वसुली महिन्याच्या महिन्याला कळते, पण तीही रुपयांत असते, आणि एप्रिलमध्ये दरवर्षी फुगते कारण मार्चअखेरचे हिशेब तेव्हा भरले जातात.

तुम्ही बघायचे आकडे माझ्या मते दोनच. पहिला, चालू किमतींतल्या जीडीपीची वाढ. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर महिन्यांच्या शेवटी येते. दुसरा, ग्राहक किंमत निर्देशांकातला कपडे आणि पादत्राणांचा गट, दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमाराला. तुमची विक्री त्या गटाच्या भाववाढीपेक्षा जास्त वाढली तर तुम्ही खरोखर जास्त कापड विकलंत. कमी वाढली तर ताके कमी गेले, मग रुपये वाढलेले का असेनात.

ही तुलना करताना सणाची तारीख सांभाळा. २०२४ ची चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला होती, २०२५ ची २७ ऑगस्टला. त्यामुळे सप्टेंबरचा गल्ला सप्टेंबरशी ताडलात तर २०२५ चा पडलेलाच दिसणार. २०२५ मध्ये त्यात आणखी एक भर होती. १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ऐन चवथीत तो माल घेणारं गिऱ्हाईक थांबलं असेल तर नवल नाही. म्हणून २०२५ चे जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने एकत्र घ्या आणि २०२४ च्या त्याच चार महिन्यांशी ताडा. २०२६ मध्ये अधिक महिना आहे, चवथ १४ सप्टेंबरला येते. तेव्हा ऑगस्टचा गल्ला २०२५ पेक्षा बराच खाली दिसेल, आणि त्या महिन्यात पोराला कामावरून कमी करायचं मनात आलं तर सप्टेंबर संपेपर्यंत थांबा.